सातबाऱ्यावरचे नाव आणि घरातील निर्णय

कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यातील शेतकरी घरांत थोरल्या आणि धाकट्या पिढीमध्ये जो ताण आहे, त्याची चर्चा बहुधा वागण्या-बोलण्याच्या अंगाने होते. मुले ऐकत नाहीत, मोठ्यांचा मान राहिला नाही, रानात जायला कोणी तयार नाही, अशा तक्रारींपाशी ती सुरू होते आणि तिथेच थांबते. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत या ताणाचे मूळ वर्तनात नसून मालकीत आहे, आणि मालकीपेक्षाही अधिक निर्णयाच्या अधिकारात आहे, अशी येथील मांडणी आहे. दोन्ही जिल्ह्यांचा एकत्र विचार करण्यास इतिहासाचाही आधार आहे, कारण १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग वेगळा होऊन दक्षिण सातारा हा जिल्हा झाला आणि पुढे त्यालाच सांगली हे नाव मिळाले. भावकी, सोयरीक आणि उसाचा धंदा यांनी मात्र हे दोन मुलूख कधीच वेगळे मानले नाहीत. येथील अनेक घरांत राबणारे हात तिशी-चाळिशीतले असतात आणि सातबारा उताऱ्यावरचे नाव सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे असते. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा एकत्र उतारा. पहिल्यात जमीन कोणाच्या भोगवट्यात आहे, क्षेत्र किती आणि तिच्यावर कोणाचे बोजे आहेत हे लिहिलेले असते, तर दुसऱ्यात वर्षाच्या पिकांची नोंद असते. पहिल्या नमुन्यात ज्याचे नाव आहे तो आणि दुसऱ्या नमुन्यातले पीक ज्याच्या घामाने उभे राहते तो, ही एकच व्यक्ती नसणे, हा या कलहाचा गाभा आहे.

पुढील संवादातील आबा आणि त्यांची नात ही कोणा एका घरातील माणसे नव्हेत. वाळवा, कराड, तासगाव, खटाव अशा तालुक्यांतून जी दोन म्हणणी वर्षानुवर्षे समोरासमोर उभी आहेत, त्यांना दिलेली ही रूपे आहेत. आबांची पिढी स्वातंत्र्याच्या आगेमागे जन्मलेली, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली आणि पुढे सहकारी साखर कारखान्यांच्या भरभराटीत स्थिरावलेली आहे. नात त्यांच्या थोरल्या मुलाची मुलगी असून तिने साताऱ्यात कायद्याचे शिक्षण घेतले आहे.

आबा : जमीन कोणाच्या नावावर आहे हा प्रश्न घरात निघूच नये, बाळ. नाव एकाचे असले तरी खातात सगळे. ज्या दिवशी नाव वाटले जाते त्या दिवशी बांध पडतो, बांध पडला की विहिरीच्या पाळ्या लागतात, मोटारीची वीजजोडणी एका भावाच्या नावावर आणि पाइपलाइन दुसऱ्याच्या रानातून अशी अवस्था होते, आणि दोन एकरांचे तीन तुकडे झाले की त्यांत ट्रॅक्टर वळवायलाही जागा उरत नाही. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याची सरासरी धारणा १९७०-७१ च्या कृषिगणनेत ४.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आली. सरकारने १९४७ मध्येच तुकडेबंदीचा कायदा केला, पण कायद्याने जे साधले नाही ते नाव सोडायला नकार देणाऱ्या म्हाताऱ्यांनी थोडेफार तरी साधले आहे.

नात : क्षेत्र लहान झाले हे खरे आहे, आबा, पण एकाचे नाव ठेवल्याने ते मोठे राहिले असे म्हणता येत नाही, ते केवळ कागदावर मोठे दिसते. प्रत्यक्षात भाऊ-भाऊ तोंडी वाटणी करून आपापले रान कसतात, बांध पडलेलाच असतो, पाळ्याही लागलेल्याच असतात. फक्त त्यांतली एकही गोष्ट लिहिलेली नसते. नाव नसलेल्या कसणाऱ्याला पीककर्ज उभे करताना वडिलांना घेऊन सोसायटीच्या दारात बसावे लागते, पीकविमा आणि ठिबकचे अनुदान बहुधा खातेदाराच्याच नावाने निघते. प्रधानमंत्री किसान सन्मान योजनेत तर १ फेब्रुवारी २०१९ रोजी नावावर जमीन असण्याची अट घातली गेली आणि त्या तारखेनंतर नाव लागलेल्यांपैकी वारसाने जमीन आलेल्यांनाच सवलत मिळाली. याचा अर्थ असा की बाप हयात असताना त्याने आपल्या हाताने मुलाचे नाव लावले तर मुलाला लाभ नाही, आणि बाप गेल्यावर ते लागले तर आहे. ज्या व्यवस्थेत मुलाचा शेतकरी होण्याचा मुहूर्त वडिलांच्या मृत्यूशी बांधला जातो, ती व्यवस्था कोणत्याच पिढीच्या हिताची नाही.

नातीच्या या मुद्द्याला सहकाराची आणखी एक बाजू जोडली पाहिजे. गावची विकास सोसायटी, म्हणजे पीककर्ज वाटणारी प्राथमिक सहकारी संस्था, आणि साखर कारखाना यांत मताचा अधिकार सभासदाला असतो. एक सभासद, एक मत हे सहकाराचे तत्त्व आहे, आणि सभासदत्व भागधारकाच्या नावावर असते. रेठरे बुद्रुकचा कृष्णा कारखाना, साखराळ्याचा राजारामबापू, वाळव्याचा हुतात्मा, कराडजवळचा सह्याद्री, सांगलीचा वसंतदादा या कारखान्यांनी या मुलुखाचे अर्थकारण घडवले. परंतु भाग ज्यांनी त्या काळी घेतले ते वृद्ध झाले, काही घरांत वारसनोंदी रखडल्या, आणि उसाच्या राजकारणात जे मत पडते ते ऊस तोडून घालणाऱ्याचे असतेच असे नाही. त्यामुळे घरातील निर्णयाधिकाराचा प्रश्न घरातच राहत नाही, तो गावाच्या सत्तेपर्यंत पोचतो.

या वादाची कायद्यातील मुळे बरीच खोल आहेत. हिंदू कुटुंबाच्या मालमत्तेविषयी दोन जुने संप्रदाय आहेत: बंगालात जीमूतवाहनाचा दायभाग चालत असे, ज्यात बाप गेल्याखेरीज मुलाला हक्क उत्पन्न होत नाही, आणि महाराष्ट्रासह बहुतेक भारतात मिताक्षरा चालत असे, जी कल्याणीच्या चालुक्य दरबारातील विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर लिहिलेली टीका आहे आणि जिच्यात वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच मानलेला आहे. याचाच अर्थ असा की थोरल्यांनी धाकट्यांना काही द्यायचे आहे, ही भाषाच मिताक्षरेला परकी आहे. तिच्या दृष्टीने धाकटा आधीपासून भागीदार असतो.

आबा : हक्क जन्माने येतो हे मान्य, पण हक्क असणे आणि वाटणी मागणे यांत फरक आहे, आणि तो फरक न्यायालयांनीही मानला आहे.

आबांच्या या वाक्याला भक्कम आधार आहे. आपाजी नरहर कुलकर्णी विरुद्ध रामचंद्र रावजी कुलकर्णी या १८९१ च्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने असे ठरवले की बाप स्वतः आपल्या वडिलांशी किंवा भावांशी एकत्र असेल तर त्याच्या संमतीवाचून मुलाला वाटणी मागता येणार नाही. या निकालाशी न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी असहमती नोंदवली, आणि जन्मसिद्ध हक्काचा अर्थ पूर्णपणे घ्यायचा तर तेलंगांचीच बाजू अधिक सुसंगत दिसते. बहुमताचा निकाल मात्र मुंबई इलाख्याचा कायदा म्हणून राहिला. हक्क जन्माचा, पण तो वापरायला बापाची परवानगी, ही विसंगती अशा रीतीने केवळ रूढीने नव्हे तर न्यायनिर्णयानेही या मुलुखात पक्की केली.

नात : आबा, तुम्हाला अनुकूल असलेली आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या आठव्या कलमाप्रमाणे वडिलांच्या मागे मुलाला जी मिळकत येते ती त्याची स्वतंत्र मिळकत ठरते, तिच्यात त्याच्या मुलांना जन्मतः हिस्सा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये चंदर सेन यांच्या प्रकरणात ठरवले. गावात वाडवडिलांकडून आलेली प्रत्येक जमीन वडिलोपार्जितच समजली जाते, पण एकत्र कुटुंबाची म्हणून चालत आलेली जमीन सोडली तर कायदा आता तसे मानत नाही. नातवंडांचा हक्क पूर्वीपेक्षा आकसला आहे, आणि म्हणूनच थोरल्यांच्या स्वेच्छेचे महत्त्व वाढले आहे. न्यायालयात जाऊन जे मिळणार नाही, तेच घरात बसून मागावे लागत आहे.

आबा : मग मागण्यात विनंती असावी, हिशेब नसावा.

नात : हिशेब टाळता येणार नाही, कारण हे घर ज्या हिशेबाने उभे राहिले तो तुम्हीच सांगत आला आहात. तुमच्या वडिलांकडे कुळाची जमीन होती, म्हणजे मालकी दुसऱ्याची आणि कसणूक त्यांची. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट कायद्यात पुढे दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारे कूळ जमिनीचा मालक मानले गेले. ज्याचे कष्ट त्याचे नाव, हे तत्त्व त्या दिवशी शासनाने मान्य केले. घरातले तत्त्व त्याच्या उलट असावे, हे तुमच्या वडिलांनाही पटले नसते.

आबा : जमीनदारात आणि बापात फरक करशील की नाही, पोरी? सावकार किंवा जमीनदार सातबाऱ्यावर होता तो खंड घेण्यासाठी होता. बाप सातबाऱ्यावर असतो तो रान विकले जाऊ नये म्हणून असतो. पुणे-बंगळूर महामार्गाच्या दोन्ही अंगांना पाहा, नाव बदलल्यावर किती रानांचे प्लॉट पडले. द्राक्षबाग उभी करायला लोखंडी अँगल, तारा, औषधे मिळून जे कर्ज होते ते एका अवकाळी पावसाने अंगावर येते, आणि धाकट्याच्या नावावर जमीन असेल तर बँकेला जमीनच दिसते. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, पण रान विकले नाही. हे ज्यांनी केले त्यांच्याकडे निर्णय ठेवायला नको काय?

आबांच्या या बोलण्यात जमीन राखण्याची जी आस्था आहे, तिला कमी लेखणे अन्यायाचे होईल. दुष्काळाने खानापूर आणि आटपाडी तालुक्यांतील कितीतरी तरुणांना गलाईच्या धंद्याकडे ढकलले. गलाई म्हणजे जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचे काम, आणि विट्याच्या परिसरातील गलाईवाले आज केरळ-तमिळनाडूपासून उत्तरेपर्यंत पसरलेले आहेत. पाटण, जावळी, खटाव या भागांतून मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत माणसे गेली. पाटण तालुक्याचे अण्णासाहेब पाटील यांनी संघटित केलेल्या डोके-पाठीवर ओझी वाहणाऱ्या कामगारांसाठी १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि नंतर रिकाम्या हातांनी परतलेल्यांना गावाकडे जे रान शिल्लक सापडले, ते कोणीतरी म्हाताऱ्याने राखले होते म्हणूनच सापडले. अनुभवाचे हे माप मोठे आहे. प्रश्न एवढाच उरतो की राखण्याचा अनुभव हा पुढचा निर्णय घेण्याचा अधिकार आपोआप देतो काय.

नात : अनुभवाने चुका होत नाहीत असे असते तर वाळवा, पलूस आणि मिरज तालुक्यांतील काळी रानं क्षारपड झाली नसती. पाटाने आणि उपसा योजनेने पाणी आले, बारा महिने ऊस, खोडव्यावर खोडवा, रान भरून पाणी सोडायचे, निचऱ्याची चर खोदायची नाही. मीठ वर आले आणि कित्येक रानांत गवताखेरीज काही उगवेनासे झाले. ते निर्णय घेताना ज्यांना विचारले नव्हते, त्यांच्या वाट्याला ती रानं येणार आहेत. आज चाळिशीतल्या मुलाला उसाची ८६०३२ जात लावायची की २६५, सरी किती फुटांची सोडायची, अर्ध्या एकरात हळद घ्यायची का, हेसुद्धा विचारून करावे लागते. पत्री सरकारची गोष्ट तुम्हीच सांगत आला आहात, आबा. तेव्हाच्या मुलांना कोणी विचारून करायला लावले असते तर काय झाले असते?

१९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यात, ज्यात आजचा सांगलीचा मोठा भाग येत होता, ब्रिटिश राजवटीला समांतर असे लोकांचे शासन चालले, त्याला पत्री सरकार किंवा प्रतिसरकार म्हणतात. त्याचे प्रेरणास्थान असलेले येडे मच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील हे १९४२ मध्ये चाळिशी ओलांडलेले होते. परंतु प्रतिसरकारचे सशस्त्र दल असलेल्या तुफान सेनेचे जी. डी. बापू लाड आणि वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी हे दोघेही १९२२ मध्ये जन्मलेले, म्हणजे तेव्हा विशीतले होते, आणि २४ जुलै १९४३ रोजी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडलेले वसंतदादा पाटील पंचविशीत होते. १९४४ मध्ये सुटका झाल्यावर गांधीजींनी भूमिगतांना उघड होण्याचा सल्ला दिला, तेव्हा साताऱ्यातील बहुतेक कार्यकर्त्यांनी राष्ट्रातल्या सर्वांत आदरणीय वडीलधाऱ्याचा तो सल्ला आदर राखून बाजूला ठेवला. या मुलुखाचा अभिमानाचा सर्वांत मोठा ठेवा जर कोणता असेल तर तो धाकट्यांनी थोरल्यांचे न ऐकल्याचा आहे, आणि तो थोरल्यांच्याच तोंडून सांगितला जातो.

आबा : त्या पोरांनी स्वतःसाठी काही मागितले नव्हते. त्यांच्या न्यायदान मंडळांत गावचे जाणते बसत, जमिनीचे तंटे मिटत, थोड्या खर्चात लग्ने लागत. घर मोडून त्यांनी देश उभा केला नाही.

नात : मान्य आहे. पण स्वातंत्र्यानंतर त्यांच्या हाती काय दिले गेले तेही पाहावे लागेल. देवराष्ट्र्यात जन्मलेले यशवंतराव चव्हाण १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते. त्रेचाळीस वर्षांच्या माणसावर तेव्हाच्या समाजाने राज्य सोपवले; आजचा समाज त्याच वयाच्या मुलावर चार एकर सोपवायला तयार नाही.

येथवरच्या वादात दोन्ही बाजूंनी मुलगा आणि बाप यांचाच विचार झाला, आणि कृष्णाकाठच्या घरांत तो बहुधा एवढाच होतो. तथापि पिढ्यांच्या कलहातील सर्वांत मोठी उणीव इथेच आहे. १९९४ मध्ये महाराष्ट्राने उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून मुलीला मुलासारखाच एकत्र मिळकतीत जन्मतः हिस्सा दिला, मात्र त्यापूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळले. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीने ते वगळणेही गेले. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की २००५ मध्ये वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे. कायद्याच्या या प्रगतीला गावाने जे उत्तर शोधले ते म्हणजे हक्कसोडपत्र: बहिणीने आपला हिस्सा मोबदला न घेता भावांच्या लाभात सोडल्याचा नोंदणीकृत दस्त.

नात : आत्याने हक्कसोड करून दिले तेव्हा तिला काय मिळाले, आबा?

आबा : माहेर मिळाले. दिवाळीला साडी, गौरीला आमंत्रण, अडीअडचणीला पाठीशी भाऊ. हिस्सा घेतलेल्या बहिणीला भावकी दारात उभी करत नाही, हे तुलाही ठाऊक आहे.

नात : हेच तर दुखणे आहे. हिस्सा सोडल्यावर जे मिळते ते नाते नव्हे, त्याची किंमत झाली. आणि तुमच्या मागच्या आजारपणात महिनाभर येऊन राहिली ती आत्याच होती. ज्या पिढीला लेकींची सेवा हवी आहे त्या पिढीने लेकींचे नाव मात्र नको म्हटले, आणि केवळ सातबाऱ्यावरच नव्हे, जन्मातही नको म्हटले. २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलांमागे ८५१ मुली होत्या. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात जिल्हा परिषदेने नकुशी नावाच्या दोनशेहून अधिक मुलींना नवी नावे दिली. ही नावे कोणी ठेवली होती? त्या जनगणनेतली मुले आज लग्नाच्या वयाची आहेत, रान आहे, बंगला आहे, आणि शेतकरी म्हणून मुलगी मिळत नाही अशी तक्रार गावोगाव आहे. थोरल्यांच्या एका निर्णयाने धाकट्यांचे आयुष्य किती घेरले जाते, याचा याहून ढळढळीत पुरावा नाही.

आबा : या बाबतीत बोलायला तोंड नाही, बाळ. चूक झाली, आणि ती एका घराची नव्हती.

आबांच्या या कबुलीतील दुसरे वाक्य पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे. थोरल्यांचे अनेक निर्णय हे त्यांचे स्वतःचे नसतात, ते भावकीचे, म्हणजे एका मूळ पुरुषापासून निघालेल्या घरांच्या समूहाचे असतात. खटाव तालुक्यातील कटगुण हे ज्यांचे मूळ गाव त्या जोतीराव फुल्यांना आणि नायगावच्या सावित्रीबाईंना १८४९ मध्ये घर सोडावे लागले, तेव्हा गोविंदराव हे दुष्ट बाप नव्हते. समाजाच्या दडपणापुढे ते टिकू शकले नाहीत. आजचा बाप लेकीचे नाव लावायला कचरतो तेव्हा त्याच्या मागेही तेच दडपण उभे असते. हे दडपण मोडता येते याचा दाखलाही याच मातीतल्या माणसाने दिला आहे: साताऱ्यात जन्मलेल्या शरद जोशींनी शेतकरी संघटनेतर्फे लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, आणि ज्या गावात शंभर शेतकऱ्यांनी आपल्या पत्नीच्या नावे जमीन केली त्या गावाचा लक्ष्मीमुक्त गाव म्हणून गौरव झाला. एकट्या घराला जे अवघड वाटते ते शंभर घरांनी मिळून केल्यास भावकीचे तोंड बंद होते, हे जोशींनी नेमके ओळखले होते.

आबा : लेकींबद्दलचे म्हणणे पटले असे समज. पण एक भीती आहे ती तुमच्या कोणत्याच हिशेबात येत नाही. नाव सोडल्यावर म्हाताऱ्याला कोण विचारते? नाव आहे तोवर चहा वेळेवर येतो, दवाखान्यात न्यायला दोघे तयार असतात. सगळे देऊन बसलेली माणसे सोप्यात एका कोपऱ्यात कशी दिवस काढतात, ते दर गावात दिसते.

या प्रश्नापाशी संपूर्ण वाद येऊन थांबतो, आणि नातीच्या बाजूने याला टाळून पुढे जाणे शक्य नाही. नाव न सोडण्यामागे सत्तेचा लोभ थोडा आणि निराधार होण्याचे भय फार असते. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायद्याने साठी पूर्ण केलेल्या माणसाला मुलांकडून आणि नातवंडांकडून चरितार्थ मागता येतो. महाराष्ट्रात प्रांताधिकारी, म्हणजे महसूल उपविभागाचा अधिकारी, या न्यायाधिकरणाचा प्रमुख असतो, आणि तो महिना दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च ठरवू शकतो. त्या कायद्याचे तेविसावे कलम अधिक उपयोगाचे आहे: सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतर रद्द ठरवता येते. परंतु २०२२ मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशी अट होती हे सिद्ध व्हावे लागते. २०२५ मध्ये उर्मिला दीक्षित प्रकरणात त्याच न्यायालयाने कायद्याचा अर्थ वृद्धांच्या बाजूने उदारपणे लावला, तरी व्यवहारातला धडा बदलत नाही. अट लिहिलेली असावी. आपल्याकडे बापाने मुलाशी लेखी अट घालणे हा अविश्वास मानला जातो, आणि लिहिले नाही म्हणून पुढे दोघांनाही पश्चात्ताप होतो.

नात : मग लिहूया, आबा. वाटणीपत्रात आत्याचा हिस्सा वेगळा दाखवायचा, आजीचे नाव लावायचे, तुमच्या दोघांच्या हयातीपर्यंत विहिरीजवळचा एक तुकडा आणि त्याचे उत्पन्न तुमचेच राहील असे लिहायचे, सांभाळाची अट शब्दांत घालायची, विहिरीच्या पाळ्या आणि पाइपलाइनची वहिवाट नकाशासह नोंदवायची. जमीन महसूल संहितेच्या पंच्याऐंशीव्या कलमाखाली सर्वांच्या संमतीने तहसीलदाराकडे अशी वाटणी करता येते. तुकडे पडू नयेत असे वाटत असेल तर वाटणीनंतरही सर्व हिस्सेदारांनी मिळून कसावे, पण ते सर्वांच्या नावांच्या करारावर, एका नावाच्या मर्जीवर नव्हे.

आबा : आणि सगळे ठरल्यावर उसाची जात कोण ठरवणार?

नात : जो रानात जातो तो. तुम्हाला विचारून, पण ठरवणार तोच.

आबा : विचारणार असाल तर बाकीचे बोलता येईल.

संवादाच्या या टप्प्यावर आबा राजी झाले असे म्हणणे घाईचे होईल. हिस्सा लिहून देण्यास ते तयार होतात, निर्णय सोडण्यास अजून नाहीत. तरीही या दोन म्हणण्यांचे वजन सारखे आहे असे मात्र नाही. थोरल्यांची भीती खरी आहे आणि तिला लेखी संरक्षण मिळालेच पाहिजे, पण त्या भीतीच्या मोबदल्यात धाकट्यांचे आणि लेकींचे कर्तेपण आयुष्यभर गहाण ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. विचारण्याचा मान थोरल्यांचा आहे आणि तो धाकट्यांनी मनापासून द्यावा. ठरवण्याचा अधिकार कसणाऱ्यांचा आहे. वारसनोंद ही मृत्यूनंतरची गोष्ट आहे, तिच्यात मेलेल्याची इच्छा कोणाला विचारता येत नाही आणि जिवंतांची भांडणे कोणाला सोडवता येत नाहीत. दिवाणी न्यायालयांत पडून असलेले वाटणीचे अनेक दावे याच मार्गाने आलेले असतात. सातारा-सांगलीच्या गावांत वर्षातून एकदा तरी सगळे घर एका छपराखाली येते: ग्रामदैवताच्या यात्रेला गलाईवाले दक्षिणेतून येतात, माथाडी आणि चाकरमाने मुंबईहून येतात, लेकी माहेरी येतात. त्या दोन-तीन दिवसांत घरातल्या सर्वांत वडील माणसाने स्वतः सातबारा समोर ठेवावा, लेकींना शेजारी बसवावे, आणि वाटणीचा कच्चा मसुदा त्याच बैठकीत लिहायला घ्यावा, एवढी या मुलुखातील प्रत्येक आबांना कळकळीची विनंती आहे.